आजीचं घर, बर्फ आणि लाकडाची मोळी: क्री चित्रकारांनी आठवणीतून उभं केलेलं कुटुंब

कॅनडाचे चित्रकार ॲलन सॅप यांची चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यात तर काहीच घडत नाहीये.

लाकडी ओंडक्यांचं बुटकं घर. धुराड्यातून निघणारा धूर. बाहेर नजर पोहोचेल तिथपर्यंत बर्फ. एक माणूस लाकडं फोडतोय. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बादली घेऊन घराकडे निघाली आहे. बाजूला घोडे वाळकं गवत खातायत. बस्स. कुणी लढत नाही, कुणी रडत नाही. चित्रातली माणसं बघणाऱ्याकडे वळूनसुद्धा बघत नाहीत.

पण ही घरं ज्या क्री लोकांची आहेत, त्यांच्या बाबतीत कॅनडा सरकारने शंभरहून जास्त वर्षं एक धोरण चालवलं. या घरांत मुलांनी शिकण्यासारखं काही नाही, उलट ती इथे बिघडतील, म्हणून त्यांना आईबापांपासून लांब नेलं पाहिजे, हा त्या धोरणाचा पाया होता. हे एकदा कळलं की तीच लाकडं, तीच बादली आणि तीच आजी वेगळी दिसायला लागते.

हा सगळा मामला नेमका काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊया.

क्री लोक म्हणजे कोण?

क्री हा कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या सगळ्यात मोठ्या समाजांपैकी एक. पूर्वेला क्वेबेकपासून पश्चिमेला अल्बर्टापर्यंत त्यांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. प्रत्येक भागातली बोली थोडी वेगळी. मैदानी भागातले क्री स्वतःला 'नेहियावक' म्हणतात.

या मैदानी क्रींचं जगणं बायसन या रानगव्यासारख्या प्राण्यावर अवलंबून होतं. मांस त्याचं, तंबूला कातडं त्याचं, अंगावरचे कपडेही त्याचेच. १८७० च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या मैदानातले बायसन जवळपास संपले आणि उपासमार सुरू झाली.

त्याच सुमारास, १८७६ मध्ये, ब्रिटिश राजसत्तेसोबत 'करार क्रमांक ६' झाला. सध्याच्या सस्कॅचवान आणि अल्बर्टा प्रांतांतली प्रचंड मोठी जमीन गोऱ्या वसाहतीसाठी मोकळी झाली. बदल्यात क्रींना ठरावीक जमिनीचे तुकडे मिळाले, ज्यांना 'रिझर्व्ह' म्हणतात. शेतीची अवजारं, गुरं आणि रिझर्व्हवरच शाळा देण्याचं वचनही त्या करारात होतं.

शाळेची ही अट लक्षात ठेवा. शाळा वस्तीवर येईल, मुलं घरी राहूनच शिकतील, असं क्रींना सांगितलं गेलं होतं.

प्रत्यक्षात झालं भलतंच. १८८५ च्या उठावानंतर तर रिझर्व्हबाहेर पाऊल टाकायलाही सरकारी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायला लागली. गंमत म्हणजे ही चिठ्ठीची पद्धत कुठल्याच कायद्यात नव्हती, तरी ती पुढची कित्येक दशकं चालली. स्वतःच्या शेतातलं धान्य, गुरं किंवा जळाऊ लाकूड विकायचं तरी परवानगी. या अधिकाऱ्याला 'इंडियन एजंट' म्हणायचे, कारण कागदोपत्री हे सगळे मूळ रहिवासी 'इंडियन' होते. आपल्या भारताशी त्याचा संबंध नाही, ती कोलंबसाची जुनी चूक.

घरच मोडायचं ठरलं तेव्हा

१८८३ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी संसदेत एक युक्तिवाद मांडला. शाळा रिझर्व्हवर असेल तर मूल आईबापांजवळच राहतं, त्यांच्याच सवयी उचलतं आणि लिहायला-वाचायला शिकलं तरी आतून बदलत नाही. म्हणून मुलांना आईबापांच्या प्रभावापासून शक्य तितकं लांब न्यायचं.

त्याच वर्षी सस्कॅचवानमधल्या बॅटलफर्ड गावात अशी एक शाळा सुरू झाली. पुढे देशभर या निवासी शाळांचं जाळं उभं राहिलं. पैसा सरकारचा, कारभार बहुतांश चर्चचा. १९२० पासून मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांवर कायद्याने कारवाई होऊ लागली. शाळेत गेल्यावर केस कापले जायचे, नाव बदललं जायचं, स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा व्हायची. भाऊ-बहीण एकाच शाळेत असले तरी एकमेकांशी बोलायची मुभा नसायची.

यातली शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकात. या विषयावर नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल दिला. सुमारे दीड लाख मुलं या शाळांमधून गेली, असं त्यात म्हटलं आहे. चार हजारांहून जास्त मुलांच्या मृत्यूची आतापर्यंत नोंद झाली आहे. आयोगाने या सगळ्यासाठी 'सांस्कृतिक वंशसंहार' हा शब्द वापरला.

२०२१ मध्ये कॅमलूप्सच्या शाळेजवळ जमिनीखाली संभाव्य कबरी आढळल्याची बातमी जगभर गाजली होती, ती याच शाळांबद्दलची. त्यानंतर २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस कॅनडात गेले आणि त्यांनी माफी मागितली. त्यासाठी निवडलेली जागा होती अल्बर्टातलं मास्क्वासिस, म्हणजे क्री लोकांचीच वस्ती.

शाळेतले अत्याचार हा या गोष्टीचा एक भाग. दुसरा भाग कमी बोलला जातो. ज्या घरातून मुलं नेली, त्या घरात नंतर काय उरलं? लाकूड कसं तोडायचं, सशाचा फास कुठे लावायचा, कातडं कसं कमवायचं, आजारी माणसाजवळ कोणतं गाणं म्हणायचं, हे सगळं मुलं मोठ्यांच्या मागे मागे फिरून शिकत होती. मागे फिरणारी मुलंच नाहीशी झाली की शिकवायचं कुणाला?

ॲलन सॅप यांच्या चित्रांचं मोल इथून सुरू होतं.

'ज्याला उमगतं' असा मुलगा

ॲलन सॅप यांचा जन्म १९२८ चा, सस्कॅचवानमधल्या रेड फेझंट रिझर्व्हवरचा. बॅटलफर्डच्या दक्षिणेला असलेली ही वस्ती. लहानपणापासून ते सतत आजारी असायचे. आई ॲग्नेस यांना क्षय झाला होता, त्यातच त्या गेल्या. ॲलन यांना वाढवलं ते आजीने, मॅगी सूनियस यांनी.

मुलगा जगतो की नाही अशी वेळ आली तेव्हा नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांना क्री पद्धतीने नाव दिलं. या नावामुळे पोराचं रक्षण होईल, अशी श्रद्धा. नाव होतं किस्कायेतुम. अर्थ, 'ज्याला उमगतं तो'.

बाकीची मुलं खेळायची, कामाला जायची, तेव्हा हा मुलगा बसून चित्रं काढायचा. शालेय शिक्षण फारसं झालं नाही. इंग्रजी लिहिता-वाचता जवळजवळ आलं नाही. पण डोळ्यांनी टिपलेलं विसरायचं नाही, ही एक गोष्ट त्यांच्याकडे होती.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅप नॉर्थ बॅटलफर्ड या शहरात राहायला आले. १८८३ ची ती पहिली शाळा नदीच्या पलीकडच्या काठावर होती. पोटासाठी ते चित्रं काढून दारोदार विकत. कसली चित्रं? डोंगर, तळी, हरणं. म्हणजे कॅलेंडरवर असतात तशी. सॅप यांच्या गावाच्या आसपास डोंगर नव्हतेच. पण गोऱ्या गिऱ्हाइकाला असलीच चित्रं आवडतात, असा त्यांचा अंदाज होता.

डॉक्टर म्हणाले, 'तुमच्या घरचं काढा'

१९६६ मध्ये सॅप चित्र विकायला एका दवाखान्यात गेले. तिथे त्यांची गाठ पडली डॉ. ॲलन गोनोर यांच्याशी. दोघांचंही नाव ॲलन. गोनोर यांना कलेची आवड होती. त्यांनी चित्र विकत घेतलं आणि सांगितलं की डोंगर-बिंगर सोडा, तुम्ही जे जगलात ते काढा. रिझर्व्हवरचं आयुष्य काढा.

आज हा सल्ला अगदी साधा वाटतो. पण त्या काळात एका क्री माणसाला 'तुझं घर चित्र काढण्याच्या लायकीचं आहे' असं शहरातल्या कुणीतरी सांगणं, ही साधी गोष्ट नव्हती.

मग चित्रांचा ओघ सुरू झाला. गोनोर चित्रं घेत राहिले. त्यांनी सॅप यांची ओळख सस्कॅटूनच्या चित्रकार आणि कलाशिक्षिका वायनोना मल्कास्टर यांच्याशी करून दिली. त्यांनी सॅप यांना मार्गदर्शन केलं. १९६९ च्या ईस्टरला सस्कॅटूनच्या मेंडेल आर्ट गॅलरीत प्रदर्शन भरलं आणि लोकांनी अक्षरशः गर्दी केली. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कपर्यंत त्यांची चित्रं पोहोचली. १९७५ मध्ये रॉयल कॅनेडियन अकॅडमी ऑफ आर्ट्सने त्यांना सदस्य करून घेतलं. नंतर 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा मोठा नागरी सन्मानही मिळाला.

इथपर्यंत ही गोष्ट गुणी कलाकार आणि त्याला ओळखणाऱ्या भल्या माणसाची वाटते. पण शेजारी आणखी एक तारीख ठेवून बघा.

१९६७ मध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या त्या भेटीनंतर वर्षभरात, सस्कॅचवान प्रांताच्या सरकारने एक योजना सुरू केली. मूळ रहिवासी आणि मेटी समाजाची मुलं दत्तक घ्या, असं आवाहन करणारी. मेटी म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून तयार झालेला समाज. त्या योजनेसाठी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर लहान मुलांच्या फोटोंसह जाहिराती यायच्या.

एकाच प्रांतात, त्याच काही वर्षांत, लोक गॅलरीत रांगा लावून क्री कुटुंबाची चित्रं बघत होते आणि त्यांच्याच सरकारी यंत्रणा क्री कुटुंबांतली मुलं उचलून दुसऱ्यांच्या घरी देत होत्या.

चित्रांत नेमकं काय आहे?

सॅप यांच्या चित्रांतले विषय मोजायला गेलं तर घरकामाची यादीच तयार होते.

पाणी आणणं. लाकूड तोडणं, ते स्लेजवर म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीवर लादणं. कुंपणाचे खांब कापून विकायला नेणं. घोड्यांना चारा टाकणं. सशासाठी फास लावणं. कातडं ताणून साफ करणं. चुलीवर चहा ठेवणं. रात्री दिव्याच्या उजेडात पत्ते खेळत बसणं. गोठलेल्या तळ्यावर पोरांचा हॉकीचा डाव. उन्हाळ्यात 'पाववाव' या नाचगाण्याच्या मेळाव्यासाठी लागलेले तंबू.

आता यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

पहिली, माणसं लहान आणि आकाश मोठं. सस्कॅचवानची मैदानं सपाट आहेत, क्षितिज सरळ रेषेसारखं. त्या पसाऱ्यात सॅप माणसं छोटी काढतात. पण ती हरवलेली वाटत नाहीत, कारण प्रत्येकाच्या हाताला काम आहे आणि प्रत्येकाचा रस्ता घराकडे जातो.

दुसरी, बर्फ पांढरा नाही. त्यात निळा आहे, जांभळा आहे, गुलाबी आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्याचा तिरका उजेड बर्फावर पडतो तेव्हा असेच रंग दिसतात. ज्याने लहानपणी तासन् तास दारातून बाहेर बघितलंय, त्यालाच हे माहीत असतं.

तिसरी, कुणीच एकटं नाही. बाप लाकूड फोडतोय तर पोरगं ते उचलतंय. आजी भाकरीसारखा जाड पाव भाजतेय तर बाजूला नातवंडं बसली आहेत. ओळ लावून शिकवणारा मास्तर कुठेच नाही, पण शिकणं सगळीकडे चालू आहे.

निवासी शाळांचा दावा होता की रिझर्व्हवरचं मूल रिकामं वाढतं, त्याला वळण नाही, शिस्त नाही. सॅप यांनी या दाव्याला उत्तर द्यायचं म्हणून एकही चित्र काढलं असेल असं वाटत नाही. त्यांनी आपलं घर काढलं, एवढंच. पण त्या घराकडे बघून दावा आपोआप खोटा ठरतो.

'नोकुम' म्हणजे माझी आजी

सॅप यांच्या चित्रांतलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस म्हणजे आजी. क्रीमध्ये 'नोकुम' म्हणजे 'माझी आजी' आणि 'कोकुम' म्हणजे 'तुझी आजी'. (सोलकढीतल्या कोकमाशी काही नातं नाही बरं का!)

इथे क्री भाषेची एक सुंदर खासियत आहे. या भाषेत नुसतं 'आजी' असं म्हणता येत नाही. माझी, तुझी, त्याची, कुणाची तरी आजी असावीच लागते. आई, बाप, भाऊ, नातू या सगळ्या शब्दांचं तेच. ज्याला कुणीच नाही असा नातेवाईक या भाषेच्या व्याकरणातच बसत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. इंग्रजीतल्या 'आंटी'मध्ये मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या कोंबलेल्या असतात. क्रीमध्ये मावशी वेगळी आणि आत्या वेगळी. आई 'निकावी', तर मावशी 'निकाविस', म्हणजे शब्दशः 'माझी छोटी आई'. वडिलांचा भाऊही तसाच 'छोटा बाप'. त्यामुळे आई आजारी पडली, गेली, तरी पोर अनाथ होत नाही. पुढची आई, पुढचा बाप ठरलेलाच असतो. सॅप यांना आजीने वाढवलं, ते याच रीतीने.

नात्यांच्या या सगळ्या विणीला क्री लोक 'वाह्कोतोविन' म्हणतात. कोण कुणाचं काय लागतं आणि म्हणून कुणी कुणासाठी काय करायचं, याचा हा अलिखित कायदा. त्यात माणसांसोबत प्राणी आणि जमीनही येते.

आता विचार करा, सरकारी अधिकारी रिझर्व्हवर येतो. त्याला आई-बाप-मुलं एवढंच कुटुंब माहीत. तो बघतो की आई आजारी आहे, पोर आजीकडे राहतंय, घरात मावशीची मुलंही आहेत. तो वहीत लिहितो, 'मुलाकडे दुर्लक्ष'. ज्या व्यवस्थेने मुलाला सांभाळलं, तीच त्याच्या नजरेत मूल काढून नेण्याचं कारण ठरते.

२००३ मध्ये सॅप यांना बालपुस्तकातल्या चित्रांसाठी कॅनडाचा 'गव्हर्नर जनरल पुरस्कार' मिळाला. डेव्हिड बुशार्ड यांनी लिहिलेलं ते पुस्तक एक मुलगा आणि त्याच्या नोकुमबद्दल आहे. ज्यांना इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हतं, अशा माणसाच्या चित्रांना देशातला सगळ्यात मोठ्या साहित्य पुरस्कारांपैकी एक मिळाला.

पण हे सगळं जरा जास्तच गोड नाही का?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

सॅप यांच्या चित्रांत भूक फारशी दिसत नाही. क्षयाने खंगलेली आई दिसत नाही. इंडियन एजंट, चिठ्ठी, शाळेची गाडी, यातलं काही ठळकपणे येत नाही. शिवाय चित्रं विकत घेणारे बहुतेक गोरे होते. शांत, गरीब, बर्फातलं गाव त्यांना दिवाणखान्यात लावायला सोयीचं होतं. दिवाणखान्यात कुणाला अपराधी वाटून घ्यायचं नसतं.

हा आक्षेप अर्धा खरा आहे. बाजाराला काय आवडतं याचा परिणाम होतोच. 'तुमच्या घरचं काढा' हा सल्ला देणारा माणूसही शेवटी बाहेरचाच होता.

पण उरलेला अर्धा भाग पाहा. जुन्या सरकारी आणि मिशनऱ्यांच्या फोटोंमध्ये क्री माणसं कशी दिसतात? रांगेत उभी, गणवेशात, कॅमेऱ्याकडे बघणारी. फोटो काढणाऱ्याला काहीतरी सिद्ध करायचं असतं. सॅप यांच्या चित्रांत तो बघणारा साहेबच नाही. माणसं आपल्या कामात आहेत. त्यांना कुणी सुधारत नाहीये, कुणी त्यांची कीवही करत नाहीये.

आणि दुःख अगदीच नाही असंही नाही. ही चित्रं काढली जात होती तेव्हा त्यातली बरीच माणसं हयात नव्हती. आजी गेली होती, आई गेली होती. घोडागाड्या जाऊन ट्रक आले होते, ओंडक्यांची घरं पडली होती. सॅप समोरचं बघून नाही, आठवून काढत होते. त्यामुळे प्रत्येक चित्र घराचं आहे आणि घर नसण्याचंही.

ज्यांना आठवायला घरच मिळालं नाही

सॅप यांच्याकडे निदान आठवणी तरी होत्या. त्यांच्यानंतरच्या काही क्री चित्रकारांकडे त्याही नव्हत्या.

१९६० ते १९८० च्या दशकांत कॅनडातल्या बालकल्याण यंत्रणांनी मूळ रहिवाशांची वीस हजारांहून जास्त मुलं घरातून काढून बहुतांश गोऱ्या कुटुंबांमध्ये वाढायला दिली, असा अंदाज आहे. या प्रकाराला 'सिक्स्टीज स्कूप' म्हणतात. चमच्याने एकदम उचलून घ्यावं, तसं.

चित्रकार जॉर्ज लिटलचाइल्ड हे या पिढीचे. जन्म १९५८, एडमंटन. त्यांच्या आईचं नातं मास्क्वासिसच्या एर्माइनस्किन क्री समाजाशी. ते मात्र पालक कुटुंबात वाढले. मोठेपणी त्यांनी आपली माणसं शोधायला सुरुवात केली. हाती लागले ते जुने फोटो आणि कागदपत्रं. हेच फोटो त्यांच्या चित्रांत येतात. आजोबा, पणज्या, लहान मुलं, काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यांभोवती झगझगीत गुलाबी, निळे, पिवळे रंग. सॅप यांच्या मऊ रंगांच्या अगदी उलट. ज्याला घर मिळालेलं नाही, त्याने पूर्वजांचा फोटो मिळाल्यावर केलेला हा उत्सव आहे.

जेन ॲश पॉइत्रास यांची कथा थोडी आधीची. १९५१ मध्ये अल्बर्टातल्या फोर्ट चिपेवायन इथे जन्म. आई क्षयाने गेली. पोरक्या जेनला एडमंटनमधल्या एका वयस्कर जर्मन बाईने वाढवलं. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, मग चित्रकलेकडे वळल्या, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या आणि आपल्या मूळ कुटुंबालाही शोधून काढलं. त्यांच्या चित्रांत जुने फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि शाळेच्या फळ्यावर असतात तशी खडूची अक्षरं एकत्र चिकटवलेली असतात. फळा मुलांना विसरायला शिकवायला वापरला गेला होता. पॉइत्रास त्याच फळ्यावर आठवण लिहितात.

आणि ज्याने तो दिवसच काढला

सॅप यांनी घर काढलं. लिटलचाइल्ड आणि पॉइत्रास यांनी घर शोधलं. केंट मंकमन यांनी घर मोडलं जातानाचा क्षण काढला.

१९६५ मध्ये जन्मलेले मंकमन हे मॅनिटोबातल्या फिशर रिव्हर क्री नेशनचे. जुन्या युरोपीय उस्तादांच्या शैलीत, मोठमोठ्या कॅनव्हासवर ते इतिहास उलटा करून दाखवतात. त्यांचं २०१७ चं 'द स्क्रीम' हे चित्र कॅनडात बरंच प्रसिद्ध आहे.

रिझर्व्हवरचं साधं लाकडी घर. लख्ख दिवस. लाल डगल्यातले पोलीस, पाद्री आणि नन्स आयांच्या हातातून मुलं हिसकावून घेतायत. एक आई धावतेय, तिला धरून ठेवलंय. मागे काही मुलं पळून चालली आहेत.

ज्या प्रदर्शनात हे चित्र लोकांसमोर आलं, ते मंकमन यांनी आपल्या आजीच्या स्मृतीला वाहिलं होतं. पुन्हा आजीच.

सॅप आणि मंकमन यांची चित्रं शेजारी ठेवली तर दोन्हींचा अर्थ वाढतो. मंकमन यांचं चित्र सांगतं की काय हिसकावलं गेलं. पण जे हिसकावलं त्याची किंमत कळायला आधी ते कसं होतं हे दिसावं लागतं. ते दाखवायचं काम सॅप यांची बादली आणि लाकडाची मोळी करते.

आजही याचा काय संबंध?

नॉर्थ बॅटलफर्डमध्ये १९८९ पासून ॲलन सॅप गॅलरी आहे, जुन्या कार्नेगी लायब्ररीच्या इमारतीत. गोनोर कुटुंबाने जमवलेली चित्रं तिथे आहेत. डॉ. गोनोर ते बघायला नव्हते, ते १९८५ मध्येच गेले. सॅप यांचं निधन २०१५ च्या डिसेंबरमध्ये झालं. त्याच महिन्यात सत्य आणि सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला होता.

या गॅलरीने एक वेगळं काम केलं. क्री समाजातल्या वडीलधाऱ्यांना चित्रांसमोर बसवलं आणि त्यांना काय आठवतं ते नोंदवून घेतलं. त्यातून २००५ मध्ये एक पुस्तकही आलं. चित्रात एक घोडागाडी असते, पण त्यावरून म्हातारी माणसं लाकूड विकण्याबद्दल, परवानगीच्या चिठ्ठीबद्दल, आपल्या आईबद्दल बोलायला लागतात. कलासमीक्षक ज्याला साधं चित्र म्हणतात, ते इथे साक्षीच्या कामी येतं.

आणि विषय संपलेला नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये मूळ रहिवाशांची मुलं ७.७ टक्के आहेत. पण पालक कुटुंबांमध्ये ठेवलेल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण ५३.८ टक्के आहे. शाळा बंद झाल्या, जाहिराती थांबल्या, तरी घरातून मुलं जाणं थांबलेलं नाही.

जानेवारी २०२० पासून मात्र एक नवा कायदा लागू झाला आहे. आपल्या मुलांच्या सांभाळाचे नियम स्वतः ठरवण्याचा मूळ रहिवासी समाजांचा अधिकार त्यात मान्य केला आहे. २०२४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. मूल काढून घ्यावंच लागलं तर ते आधी नात्यातच कुणाकडे देता येईल का, हे बघणं आता बंधनकारक आहे. म्हणजे आजीकडे, मावशीकडे, काकाकडे.

मॅगी सूनियस यांनी आपल्या आजारी नातवाच्या बाबतीत हेच केलं होतं. तेव्हा त्याला कुणी कायदा म्हणत नव्हतं. पुढे त्या नातवाने ते कॅनव्हासवर उतरवलं, आणि आजीकडे वाढणारं मूल बेवारस नसतं, एवढी साधी गोष्ट एका देशाला बघता आली.